हातजाळी जमवायची तर
भोवरा जमिनीवर फिरायला लागला की पोरांना हातजाळीची, म्हणजे फेकलेला भोवरा जमिनीला न टेकू देता हवेतच तळहातावर झेलायची घाई होते. आधी रिकामा बारदाना दुहेरी करून अंथरा. यवतमाळकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, भोवरा त्यात अडकलाच म्हणून समजा. फरशीवर आर, म्हणजे भोवऱ्याचं खालचं लोखंडी टोक, बोथट होते. जाळीचं, म्हणजे भोवऱ्याला गुंडाळायच्या दोरीचं, टोक जरा ओलं करून आरीजवळचे पहिले 3-4 वेढे घट्ट घ्या. मग भोवरा कमरेच्या उंचीवर समोर फेका अन् जाळी संपता संपता हात झटकन मागे ओढा. पहिले 2 दिवस झेलूच नका! भोवरा दरवेळी आपल्याकडे परत येतो का, तेवढंच पाहा. यायला लागला की त्याखाली तळहात न्या. फिरताना डुगडुगला, तर बहुतेक आर वाकडी असते. हलकेच ठोकून सरळ करा. समोर लहान भावंडं उभी नकोत.