डायव्हिंगचं हलकं सामान घेऊन विमानाने निघताय? या चुका टाळा

हलका बीसीडी (हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळणारं जाकीट) घेतला, हलके फिन्स (पायातली पोहण्याची वल्ही) घेतले, तरी काट्यावर आकडा २३ किलोच्या पुढेच, अशी तक्रार कुणी केली की आधी बॅग कोणती ते विचारावं. चाकांच्या, कडक तळाच्या मोठ्या डाइव्ह बॅगा रिकाम्याच चार-पाच किलोंच्या भरतात. बीसीडीवर जास्तीचे पैसे मोजून वाचवलेला दीड किलो त्या बॅगेने केव्हाच खाल्लेला असतो. साधी कापडी डफल किंवा जाळीची पाठपिशवी एक-दीड किलोत येते. वजन कमी करायला सुरुवात इथून करावी, कारण इतक्या कमी खर्चात इतकी मोठी बचत दुसऱ्या कशातही होत नाही.

दुसरी चूकही काट्याचीच. वजनाची मर्यादा मोठ्या विमानाच्या तिकिटावरून पाहिली जाते. पण बेटावर नेणारं शेवटचं छोटं विमान पुष्कळदा १५ किंवा २० किलोच नेऊ देतं, आणि हातातल्या बॅगेला ७ किलो. सगळ्या टप्प्यांपैकी सर्वांत कमी मर्यादा तीच तुमची मर्यादा. तिच्यातही एखादा किलो मोकळा ठेवा. तो का, ते परतीच्या वेळी कळतं.

बीसीडी: काय काढून टाकलंय ते पाहा

प्रवासासाठीचा बीसीडी साधारण दोन-अडीच किलोंचा असतो, नेहमीचा जॅकेट साडेतीन-चारचा. मधला फरक हवेत विरलेला नसतो. पाठीची कडक पाटी, गादी, खिसे, धातूच्या कड्या यांतलं काहीतरी गेलेलं असतं. गादी गेली तर उलट फायदाच, कारण तिच्यात हवा अडकते आणि ती बुडवायला वजनासाठी अंगावर जास्तीचं शिसं लागतं. सिलिंडर धरणारा पट्टा मात्र नीट तपासा. तो सैल पडणारा असेल तर वजन कितीही कमी असो, घेऊ नका.

बीसीडीची उचल, म्हणजे पाण्यात वर धरून ठेवण्याची ताकद, कमी असल्याची भीती बहुतेकांना उगाच वाटते. ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेली हवा पावणेतीन किलोंच्या आसपास असते. बुडीच्या सुरुवातीला तेवढं ओझं जास्त असतं, आणि ३० मीटरवर दाब चौपट होऊन वेटसूट (उबेसाठीचा फोमसारखा रबरी पोशाख) दबतो, त्याचं तरंगणं घटतं. या दोन्हींची बेरीज पेलली की बीसीडीचं काम झालं. उबदार पाण्यात पातळ सूट घालणाऱ्याला बीसीडीची छोटी हवेची पिशवी सहज पुरते. ७ मिलिमीटरचा सूट आणि स्टीलचं सिलिंडर असेल तर मात्र हा हिशेब पुन्हा मांडा.

बीसीडीला स्टीलची बॅकप्लेट (पाठीची पाटी) वापरणाऱ्यांचं म्हणणं असतं की तिच्यामुळे शिसं कमी लागतं. पाण्यात ते खरंच आहे. पण शिसं डाइव्ह सेंटरवर मिळतं आणि प्लेट तुम्ही विमानातून वाहून नेता. प्रवासाला ॲल्युमिनियमची किंवा कापडी पाठ बरी.

फिन्स आणि वेटसूट: काटकसर नको तिथे

फिन्स निवडताना लोक वजन बघतात आणि लांबी विसरतात. बॅगेत तिरपेही न बसणारे फिन्स मोठी बॅग घ्यायला लावतात आणि पुन्हा पहिल्या चुकीपाशी आणून सोडतात. बंद टाचेचे फिन्स हलके असतात, त्यांना बूट लागत नाहीत. बोटीवरून बुडी मारणार असाल तर तेच न्या. खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं असेल तर बूट आणि उघड्या टाचेचे फिन्स हवेतच. अगदी मऊ, आखूड फिन्स मात्र प्रवाहात दगा देतात. प्रवाहासाठी प्रसिद्ध ठिकाणी जायचं असेल तर इथे अर्धा किलो जास्त गेला तरी चालेल, असं माझं मत.

वेटसूट पातळ करून वजन वाचवणं ही सगळ्यांत महाग पडणारी काटकसर. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. पहिल्या बुडीत काही वाटत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारच्या बुडीत दात वाजायला लागतात. ३ मिलिमीटरचा सूट आणि त्यावर टोपीचं बिनबाह्यांचं जाकीट ही जोडी एका जाड सुटापेक्षा बॅगेत सुटसुटीत बसते, आणि पाणी उबदार निघालं तर जाकीट काढून ठेवता येतं. त्याहून जाड सूट लागणार असेल तर तो तिथेच भाड्याने घ्या. तुमच्या मापाचा मिळेल ना, एवढं आधी विचारून ठेवा.

रेग्युलेटर

सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारा हा भाग हातातल्या बॅगेतच. मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटरही तिथेच. चेक-इन बॅग हरवली तर बीसीडी, फिन्स कुणाचेही चालतात; नंबरचा मास्क आणि सवयीचा रेग्युलेटर उसना मिळत नाही.

पोचल्यावर हमखास येणारी अडचण म्हणजे रेग्युलेटर डिनचा (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारा) आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह योकचा (वरून चिमट्यासारखा धरणारा). डिनची पहिली पायरी, म्हणजे सिलिंडरला जोडायचा भाग, योकपेक्षा हलकी असते, म्हणून प्रवासाला तीच घेतली जाते, आणि योक ॲडॅप्टर घरी राहतो. तो बॅगेत असू द्या. काही व्हॉल्व्हमध्ये मधला तुकडा ॲलन कीने काढला की डिन थेट बसतं, त्यामुळे योग्य मापाची कीसुद्धा सोबत ठेवा.

टायटेनियमचे रेग्युलेटर पितळेच्या तुलनेत खूपच हलके. पण ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणासाठी ते वापरू नयेत, कारण अशा वायूत टायटेनियम पेट घेऊ शकतं. साध्या हवेला किंवा नेहमीच्या नायट्रॉक्सला (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेला) अडचण नाही. तरीही एवढे पैसे मोजण्याआधी बॅग बदलून पाहा.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करून आणणं ही वेगळीच गंमत. सर्व्हिसिंगनंतरच कधीकधी दुसऱ्या पायरीतून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, हवा आपोआप वाहू लागते किंवा जोडातून बुडबुडे येतात. दोन-तीन आठवडे आधी करून घ्या आणि पोहण्याच्या तलावात एकदा वापरून पाहा. सुट्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या), एक माउथपीस, झिप टाय आणि मास्कचा पट्टा यांचं वजन नगण्य. त्यांच्यावाचून वाया जाणारी बुडी नगण्य नाही.

घरचा शिशाचा आकडा तिथे चालत नाही

पहिल्या बुडीच्या शेवटी, सिलिंडर रिकामं होत आलं की शरीर वर ओढलं जातं, वर येण्याआधी सुरक्षेसाठी पाच मीटरवर थांबता येत नाही. दोष बीसीडीला दिला जातो. खरं कारण बहुधा सिलिंडर असतं. ११ लिटरचं ॲल्युमिनियम सिलिंडर रिकामं झालं की जवळजवळ दोन किलोंनी तरंगू लागतं. स्टीलचं बहुतेक वेळा रिकामं होऊनही बुडतंच राहतं. शिवाय गोड्या पाण्यात सराव करून समुद्रात आलात तर एकूण वजनाच्या सुमारे अडीच टक्के शिसं वाढतं, म्हणजे सामानासह १०० किलोंच्या माणसाला अडीच किलो. पहिली बुडी संपताना ५० बार शिल्लक असताना, बीसीडी रिकामा करून पाच मीटरवर स्थिर राहता येतं का ते तपासा. तो आकडा सिलिंडरच्या प्रकारासह लिहून ठेवा.

विमानतळावर अडवणाऱ्या वस्तू

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, टोकं झाकून. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची लागते. बॅटरीवर आकडा नसेल तर व्होल्टला ॲम्पिअर-तासांनी गुणा: ३.६ व्होल्ट आणि ५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी १८ वॉट-तासांची. पाण्याखालची मोठी टॉर्च उष्णता निर्माण करणारी वस्तू मानली जाते, तिच्यासाठी कंपनीला आधी कळवा आणि बॅटरी काढून न्या. सुरी चेक-इनमध्ये. छोटं राखीव हवेचं जोड सिलिंडर भरलेलं चालत नाही, आणि रिकाम्यासाठीही व्हॉल्व्ह काढायला सांगू शकतात. तिथे भाड्याने मिळत असेल तर घरीच ठेवा.

कॅमेऱ्याचं हाउसिंग घट्ट बंद करून विमानात नेऊ नका. केबिनमध्ये दाब कमी असतो. वर असताना आतली हवा बाहेर निसटते आणि खाली आल्यावर झाकण उघडता उघडत नाही. मुख्य ओ-रिंग काढून वेगळी ठेवली की प्रश्न मिटतो.

परतीचा काटा

जाताना २२ किलो भरलेली बॅग येताना २५ होते, कारण सगळं ओलं असतं. इथे विमानाआधीची सक्तीची विश्रांती उपयोगी पडते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या २००२ च्या कार्यशाळेतल्या शिफारशींनुसार एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस बुड्या मारल्या असतील तर १८ तास, आणि डिकॉम्प्रेशनचे थांबे (वर येताना अंगात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून घ्यावे लागणारे थांबे) घेतले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ थांबावं. शेवटच्या बुडीनंतर लगेच सामान गोड्या पाण्याने धुऊन सावलीत, वाऱ्यावर टांगा. बीसीडीच्या पिशवीत शिरलेलं पाणी बाहेरून दिसत नाही. थोडी हवा भरून तो उलटा करा आणि व्हॉल्व्ह दाबून धरा, कधीकधी लिटरभर निघतं. बुटांचे तळवे सर्वांत उशिरा वाळतात, ते आधी धुवा. सूट दमट राहिलाच तर बॅगेच्या तळाशी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि घरी पोचल्यावर पहिल्यांदा तोच बाहेर काढा.