खापरांचा ढीग आणि तंबूतला फळा

उत्खननाच्या दुसऱ्या हंगामात घोळ कुठे होतोय ते कळलं. पांढरीवरचे (जुन्या वस्तीच्या टेकाडावरचे) चारही खड्डे जोरात खाली चालले होते आणि तंबूमागे न धुतलेल्या खापरांच्या पिशव्या साचत होत्या. एका रात्री अवकाळी पाऊस आला, चिठ्ठ्यांवरची शाई पसरली. ३ पिशव्या कुठल्या थरातल्या, हेच सांगता येईना. थर हरवलेलं खापर कालक्रम लावायला जवळपास निकामी.

मग खांबाला फळा टांगला : खणलं, धुतलं, नंबर घातला, नोंदलं. नियम एकच. न धुतलेल्या पिशव्या २० वर गेल्या की नवा थर उघडायचा नाही, कुदळवाल्यांनीही धुवायला बसायचं. खड्डे सांभाळणारे चिडले (मीही चिडलो असतो). त्यांना पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीचं उदाहरण ऐकवायचो : उत्खनन १९६८ ते १९८३, अहवाल १९८८ मध्ये. आपल्या पिशव्यांचा अहवाल कोण लिहिणार?

आठवड्याभरात ढीग ओसरला. चिठ्ठ्या आता पेन्सिलीने, पिशवीत एक, बाहेर एक. शेवटचे ५ दिवस खणणं बंद, फक्त खड्ड्याच्या भिंतींची रेखाटनं आणि फोटो.

लोखंडाचे तुकडे मात्र धुवायचे नसतात. त्यांना फळ्यावर अजून रकाना नाही.