क्रिबेन्सिससाठी करवंटीची गुहा

पेल्विकाक्रोमिस वंशातला क्रिबेन्सिस हा पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांमधला छोटा मासा. त्याची मादी उघड्यावर अंडी घालत नाही, तिला गुहा लागते. माशांच्या टाकीसाठी दुकानात मिळणाऱ्या गुहा महाग असतात. आपल्या गोव्यात रोज घरोघरी नारळ फुटतो, मग करवंटी का टाकायची?

१. डोळ्यांकडची अर्धी वाटी घ्या. मऊ डोळा खिळ्याने आरपार टोचा. हे चुकवू नका, कारण बंद वाटी पाण्यात पालथी घातली की आत हवा अडकते. मादी अंडी गुहेच्या छताला चिकटवते आणि तिथे पाणी हवंच.

२. काठाला दोन बोटं रुंद खाच पाडा, पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. बाहेरचा काथ्या खरवडून टाका.

३. पाणी बदलत तीन-चार वेळा उकळा. पहिलं पाणी गडद तपकिरी निघतं. पुढे टाकीत थोडा रंग उतरला तरी या माशांना तो मानवतो.

४. कोपऱ्यात बारीक रेतीवर पालथी ठेवा, दार भिंतीकडे वळवा. आतली रेती जोडी स्वतःच उपसते. फार बघण्यासारखं असतं ते!

लालबुंद पोटाची मादी दिसेनाशी झाली आणि नर दाराशी उभा राहिला, की अंडी पडली समजा. आता वाटी उचलून बघू नका. साधारण आठवड्याभरात आई पिल्लांचा थवा घेऊन बाहेर येईल.

सावधगिरी एकच: खवणीने खोबरं पूर्ण काढा. कडेला राहिलेला पांढरा कण कुजून पाणी नासवतो.