परराष्ट्र धोरणात हुशारी कुठे कमी पडते? या चुका टाळा

एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेनं तयार केलेले सुमारे १४०० क्युबन निर्वासित कॅस्ट्रोंची सत्ता उलथवायला क्युबातल्या बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरले आणि तीन दिवसांत मोहिमेचा बोजवारा उडाला. योजना मंजूर करणारे मठ्ठ नव्हते. अध्यक्ष केनेडींच्या भोवती त्या काळातले नावाजलेले प्राध्यापक, सेनानी आणि मुत्सद्दी होते. पुढे दीड वर्षानं, ऑक्टोबर १९६२ मध्ये, त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांनी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचातून सुखरूप वाट काढली. मधल्या काळात कुणाची बुद्धी वाढली नव्हती, चर्चा करायची रीत बदलली होती. म्हणून पुढच्या चुका वाचताना ‘नेता शहाणा होता का’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा.

एकमत झालं म्हणून निर्धास्त होणं

बे ऑफ पिग्जची योजना इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांना पटली नव्हती. तसं टिपण त्यांनी अध्यक्षांना दिलंही, पण भर बैठकीत ते गप्प राहिले आणि त्याची टोचणी त्यांना पुढे लागून राहिली. १९६२ मध्ये केनेडी काही बैठकांना मुद्दामच गेले नाहीत. साहेबांचा कल बघून बोलायची सवय मोडायला याहून सोपा उपाय नाही. बैठकीत कुणीच हरकत घेतली नसेल, तर ज्यानं तोंड उघडलं नाही त्याला आधी विचारा. विरोधाचं नाटक मात्र नको. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल हे जणू ठरलेले विरोधक होते. त्यांचं ऐकून घेतलं जायचं आणि व्हायचं ते होतच राहायचं.

‘नको’ हे आडून सांगणं

ही चूक सल्लागारांची. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सची सभा सिसिलीवर स्वारी करायला निघाली होती. सेनापती निकियसला ती नको होती. सरळ सांगून लोक ऐकेनात, तेव्हा त्यानं फौजेचा आणि खर्चाचा भलामोठा आकडा पुढे केला. वाटलं, घाबरून मागे फिरतील. सभेनं जल्लोषात तेवढी फौज मंजूर केली. दोन वर्षांनी ती फौज, आरमार आणि निकियस, काहीच उरलं नाही.

जुन्या प्रसंगावरून नव्याचा निकाल लावणं

शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शीत त्याच भांड्यातलं हवं. अँथनी ईडन यांनी १९३८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्या नमतेपणाला कंटाळून परराष्ट्रमंत्रिपद सोडलं होतं, आणि तेव्हा त्यांचं बरोबरच होतं. १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं, तर पंतप्रधान ईडन यांना त्यांच्यात दुसरा मुसोलिनी दिसू लागला. फ्रान्स आणि इस्रायलशी गुपचूप संगनमत करून ब्रिटन युद्धात उतरला. अमेरिकेनं डोळे वटारले, पौंड गडगडू लागला, सैन्य मागे घ्यावं लागलं, आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन यांनी राजीनामा दिला. ‘हा दुसरा म्युनिक आहे’ (म्हणजे १९३८ मध्ये हिटलरपुढे नमतं घेणाऱ्या करारासारखा प्रसंग) असं कुणी म्हणालं, की साम्यं नंतर, आधी फरक लिहून काढा. चार-पाच फरकही सुचत नसतील, तर अभ्यास झालेला नाही असं खुशाल समजा.

समोरच्याला परतीची वाट न ठेवणं

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ३ जुलै १८६६ रोजी प्रशिया या जर्मन राज्यानं केनिगग्रेट्झला ऑस्ट्रियाचा दणदणीत पराभव केला. राजाला आणि सेनापतींना विजयाची पुरती वसुली हवी होती. प्रशियाचे पंतप्रधान बिस्मार्क आडवे आले. व्हिएन्नात विजयी मिरवणूक निघाली नाही, ऑस्ट्रियाचा मूळ मुलूख प्रशियानं घेतला नाही. आणि १८७९ मध्ये प्रशियाच्या पुढाकारानं एक झालेला जर्मनी आणि ऑस्ट्रिया मित्रराष्ट्रं झाले. १८७१ मध्ये मात्र हरलेल्या फ्रान्सकडून आल्सेस आणि लॉरेनचा काही भाग घेतला गेला, आणि ती जखम पुढे भरलीच नाही. म्हणजे एकाच माणसाच्या कारकिर्दीत दोन्ही धडे सापडतात.

१९६२ मध्ये तेच. २७ ऑक्टोबरच्या बैठकीत मॉस्कोतले माजी राजदूत ल्युवेलिन थॉम्पसन यांनी केनेडींना चक्क विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की ‘मी क्युबा वाचवला’ एवढं सांगता आलं तर सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह मागे फिरतील. शत्रूला आपल्या घरच्या लोकांसमोर काय सांगता येईल, हे शोधून देणं हा मुत्सद्देगिरीचा गाभाच म्हणायला हवा. ते कळायला क्षेपणास्त्रांचं ज्ञान लागत नाही, माणसाचं लागतं. थॉम्पसन ख्रुश्चेव्हना जवळून ओळखत होते.

‘मग पुढे काय?’ हे न विचारणं

२३ मे २००३ रोजी अमेरिकेच्या ताब्यात आलेल्या इराकचं सैन्य बरखास्त करण्याचा आदेश निघाला. शस्त्रं चालवता येणारे लाखो पुरुष एका फटक्यात बेकार झाले. निर्णयाच्या कागदावर ‘दुसऱ्या दिवशी सकाळी हे लोक काय करतील’ असा एक रकाना असता, तरी पेन थबकलं असतं.

मोजता येतं तेवढंच खरं मानणं

व्हिएतनाममध्ये प्रगती मोजायला शत्रूच्या मृतांचा आकडा धरला गेला. आकडे वाढत गेले, युद्ध हरलं गेलं. फार सांगायला नको.

काहीच न करण्याला कमीपणा समजणं

कौटिल्याच्या सहा गुणांत संधी (तह), विग्रह (युद्ध), यान (चढाई) यांच्याच पंक्तीला आसन आहे, म्हणजे वाट पाहत बसून राहणं. तेही धोरणच. संकट आलं की ‘सरकार काय करतंय?’ अशी ओरड होते आणि मग केवळ दिसण्यासाठी काहीतरी केलं जातं.

अर्धी गोष्ट ऐकून धडा घेणं

क्युबाच्या पेचात तुर्कस्तानातली अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं आश्वासनही दिलं गेलं होतं, पण गुपचूप. जगाला सांगितलं गेलं ते एवढंच, की अमेरिका ताठ उभी राहिली आणि समोरचा वाकला. ज्या छोट्या बैठकीत ही देवाणघेवाण ठरली, तिथे उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन नव्हते. वर्षभरानं ते अध्यक्ष झाले, आणि व्हिएतनामचा प्रश्न त्यांच्या टेबलावर आला.