फॅक्ट कुठलं आणि मत कुठलं, मुलांना कसं शिकवायचं

आधी व्याख्या पाठ करून घेऊ नका, त्याने काही होत नाही. एकच प्रश्न लावून द्या: हे तपासता येईल का, आणि कसं? "देवमासा कसला भारी प्राणी आहे" हे मत, पण "निळा देवमासा सगळ्यात वजनदार प्राणी आहे" हे मोजता येतं. भारी शब्दाचे दोन्ही अर्थ मुलांना माहीत असतात त्यामुळे हे उदाहरण पटकन कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. चुकीचं वाक्य म्हणजे मत नाही! "वटवाघळं आंधळी असतात" हे कुणाचं मत नाहीये, तपासता येणारं वाक्य आहे, तपासलं तर चूक निघतं, कारण वटवाघळांना दिसतं. म्हणून वहीत दोन नाही, तीन रकाने करा: तपासलं आणि बरोबर, तपासलं आणि चूक, आणि मत. रोज तीन-चार वाक्यं पुरे.

मग पुरावा. शक्य असेल तिथे मुलांनाच करून बघू द्या. "जड वस्तू आधी खाली पडते" असं म्हणाले तर आधी अंदाज लिहायला सांगा, मग कागदाचा घट्ट बोळा आणि एक नाणं खांद्याच्या उंचीवरून एकदम सोडा, जवळजवळ बरोबरच पडतात. तोच कागद उलगडून सोडला की तरंगत येतो, म्हणजे वजन तेच पण हवेने अडवलं. स्वतः पाहिलेलं मूल विसरत नाही.

करून बघता येत नसेल तर विचारायचं, हे कोण सांगतंय आणि त्याला कसं कळलं? दोन व्हिडिओंत तेच सांगितलं म्हणजे दोन पुरावे असं नाही हं, दुसऱ्याने पहिल्याचं उचललेलं असू शकतं.

थोडी मोठी मुलं असतील तर प्लूटोचं सांगा. 1930 मध्ये सापडला, नववा ग्रह म्हणून पुस्तकात आला, 2006 मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि तो बटुग्रह झाला. प्लूटो होता तसाच आहे, व्याख्या बदलली.

आणि प्लीज, "ते तर नुसतं तुझं मत आहे" असं म्हणून मुलाला गप्प करू नका, त्याऐवजी "तुला असं का वाटतं, दोन कारणं सांग" म्हणा, आणि त्याने तुम्हाला "कशावरून?" विचारलं तर न चिडता सोबत बसून शोधा.