मिरगाच्या आधी चेनसॉ घ्यायचा असेल तर

वळवाचा वारा सुटला की आपल्याकडं दोन गोष्टी ठरलेल्या. केशरच्या कैऱ्यांचा सडा पडतो आणि बांधावरचा एखादा लिंब आडवा होतो. दुसऱ्या दिवशी निम्मं गाव ‘कटर कुणाकडं हाय’ म्हणत फिरतं. आठवड्याभरात दोन-चार जण तालुक्याला जाऊन नवीन मशीन घेऊन येतात आणि दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी आखाड्यावरच्या खोलीत, पोत्याखाली गेलेली असतात. मशीन वाईट असते असं नाही. घेताना कामाचा हिशोब केलेला नसतो.

मीही तेच केलं होतं. दुकानदारानं 58 सीसी, 22 इंची पट्टी (जिच्या कडेनं चेन फिरते ती) म्हटल्यावर भुललो. किंमत नामांकित कंपनीच्या लहान मशीनच्या निम्म्याहून कमी. पहिलंच काम वाळलेल्या बाभळीच्या बुंध्याचं. अर्ध्या तासात पट्टीतून धूर निघाला, कडा निळ्या पडल्या आणि चेन ढिली होऊन लोंबायला लागली. उघडून पाहिलं तर तेल यायचं भोक भुशानं बुजलेलं. त्यात मी चेनच्या तेलाच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतलेलं, म्हणजे निम्मा दोष माझाच. नवीन पट्टी मागायला गेलो तर दुकानात मशिनी वीस आणि पट्टी एकही नाही. तीन आठवडे बाभूळ तशीच पडून राहिली.

तेव्हा दुकानात जायच्या आधी आपल्या शेताला एक चक्कर मारा आणि वर्षभरात खरंच काय कापायचं आहे ते बघा. मोसंबीची सल (वाळलेल्या फांद्या) काढायची, सीताफळाच्या किंवा डाळिंबाच्या फांद्या उतरवायच्या, एवढंच असेल तर पेट्रोलच्या मशीनची गरजच नाही. चार-सहा इंची बॅटरीवरचा छोटा चेनसॉ किंवा चांगली छाटणी करवत पुरते. बॅटरीवाला घेतला तर दोन बॅटऱ्या घ्या. आपल्याकडं लाईट रात्री येते आणि छाटणी सकाळी करायची असते. या छोट्या मशीनचा एक धोका आहे. ती एका हातानं चालते, त्यामुळं दुसरा हात नकळत फांदी धरायला पुढं जातो. बोटं त्यातच जातात.

आंब्याच्या जाड फांद्या, बांधावरचा लिंब, सुबाभूळ, सरपणाची तोड हे वर्षातून दहा-पंधरा दिवसांचं काम असेल तर 30 ते 45 सीसी आणि 14 ते 16 इंची पट्टी बस झाली. बहुतेक शेतकऱ्यांनी याच्या वर जाऊच नये, असं माझं मत आहे. पट्टी सोळा इंची असली तरी दोन्ही बाजूंनी कापून तिच्या दीडपट जाडीचा बुंधा आरामात सुटतो. उलट लहान इंजिनला लांब पट्टी जोडली की चेन ओढायलाच ताकद जाते. बाभूळ, खैर अशा चिवट लाकडाला तर त्याच इंजिनवर दोन इंच आखूड पट्टी बरी.

60-70 सीसीचं, 20 इंच किंवा त्याहून लांब पट्टीचं मशीन त्यांनी घ्यावं, जे तोडीचे ठेके घेतात किंवा ज्यांचं वखारीशी रोजचं काम आहे. तिथं मात्र पैसा वाचवू नका. व्यावसायिक मशीनचं इंजिनाचं घर मॅग्नेशियमचं असतं, शेतीच्या स्वस्त मशीनमध्ये बऱ्याचदा प्लॅस्टिकचं. व्यावसायिक मशीन पिस्टन-सिलिंडर बदलून पुन्हा उभी करता येते. कंपन दाबणाऱ्या स्प्रिंगा चांगल्या असतात, तेलाचा पंप कमी-जास्त करता येतो. दिवसभर चालवणाऱ्याला संध्याकाळी भाकरीचा घास धरता येतो की बोटं बधिर होतात, हा फरक त्या स्प्रिंगांचा असतो. पण सहा किलोच्या पुढचं हे धूड फांद्या छाटायला वापरणं म्हणजे खुरपणीला नांगर नेण्यासारखं.

दुकानात खोक्यावरचा सीसी वाचून बाहेर पडू नका. मशीन चालू करून दाखवायला लावा, दोरी स्वतः ओढा. रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबली पाहिजे. हळूहळू फिरत असेल तर जुळणी चुकली आहे. पुढच्या मुठीसमोरची हात वाचवणारी पाती पुढं ढकलून चेनचा ब्रेक लागतो का बघा. मग पट्टीचं टोक कोरड्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्या. काही क्षणांत पुठ्ठ्यावर तेलाच्या थेंबांची रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर ते मशीन घेऊ नका, दुसरं उघडायला सांगा. शेवटी विचारा: पट्टी, चेन, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), एअर फिल्टर, दोरी आज दुकानात आहेत का? आणि कार्बोरेटर कोण बसवून देतो? याचं उत्तर ‘मागवून देऊ’ असं आलं तर पुढचं दुकान गाठा. अनुदानावर काही घ्यायचं असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका. आधीचं बिल चालत नाही.

आता चेनबद्दल. मशीन कोणतंही घ्या, निम्मं काम धार करते. धारेची चेन लाकडातून पोह्यांसारख्या चकत्या काढते. ज्वारीच्या पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला, किंवा मशीन दाबावं लागतंय असं वाटलं, की थांबा आणि कानस घ्या. दाबून कापलं की पट्टी तापते, क्लच जळतो आणि माणूसही थकतो. गोल कानस चेनप्रमाणं लागते: लहान मशीनच्या लो-प्रोफाइल चेनला बहुतेक 4 मिमी, 0.325 पिचला (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप, इंचात) 4.8 मिमी, मोठ्या 3/8 पिचला 5.2 किंवा 5.5 मिमी. कानस फक्त पुढं ढकलायची, परत आणताना उचलायची. बहुतेक चेनला 30 अंशाचा कोन लागतो, पुष्कळ दात्यांवर त्याची रेघ असते. प्रत्येक दात्याला सारखेच हात मारा. एका बाजूचे दाते लांब राहिले की काप वाकडा जातो आणि आपण मशीनला नावं ठेवतो. चार-पाच वेळा धार लावली की दात्याच्या पुढचा उंचवटा चपट्या कानशीनं उतरवायचा. तो दात्यापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असावा. जास्त उतरवला तर चेन लाकडाला लचके तोडते आणि मशीन झटके देतं.

बांधावरच्या जुन्या झाडात दावणीचा खिळा किंवा कुंपणाची काटेरी तार सालीत गिळलेली असते. बुंधा कापण्याआधी हात फिरवून, कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून बघा. एका खिळ्यात सगळे दाते जातात. जमिनीलगत कापताना मातीला चेन टेकली तरी तेच होतं. नवीन चेन घेताना इंच सांगून मागू नका. पट्टीवर कोरलेलं पिच, गेज (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि कड्यांची संख्या लिहून न्या.

इंधनात चूक फार होते. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते ओल धरतं आणि ठेवून दिलं की कार्बोरेटरच्या रबराचं वाटोळं करतं. म्हणून पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल लागेल तेवढंच मिसळा, महिन्याभरात संपवा. प्रमाण मशीनच्या पुस्तकातलं: नामांकित कंपनीच्या ऑइलला बहुधा 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली, कित्येक स्वस्त मशिनींना 25 ला 1, म्हणजे 40 मिली. अंदाजानं बुच भरून ओतायचं नाही. चेनच्या टाकीत चेन-पट्टीचंच तेल घाला, अगदीच अडलं तर नवं इंजिन ऑइल. जळक्या ऑइलात लोखंडाचा कीस असतो. मेच्या धुळीत एअर फिल्टर रोज झटका. तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल भरू नका, भरलेल्या जागेपासून दहा फूट लांब जाऊन चालू करा.

चेन पूर्ण रेसमध्ये सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते. हेल्मेट, डोळ्याला जाळी किंवा चष्मा, कानाला मफ, पायात बूट आणि चेन अडवणारी मांडीची चॅप्स हवीतच. गळ्यातला गमछा आधी काढून ठेवा. पट्टीच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली की मशीन उसळून तोंडाकडं येतं. म्हणून दोन्ही हात, डाव्या हाताचा अंगठा मुठीखाली, आणि खांद्याच्या वर कधीच नाही. शिडीवर चढून चेनसॉ चालवायचा नाही, कितीही घाई असो.

पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा धोक्याचं. तारा अडकल्या असतील तर महावितरणचा माणूस येऊन लाईट बंद करेपर्यंत हात लावू नका. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरची बाजू दाबलेली असते. वरून एक तृतीयांश कापा, मग खालून वर. एक टोक अधांतरी असेल तर उलटं: आधी खालून थोडं, मग वरून. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा तोडला की मुळांचा गड्डा मातीच्या वजनानं झटकन परत उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात पोरं खेळत नाहीत ना, एवढं बघूनच शेवटचा काप घ्या.

बागेचं नुकसान झालं असेल तर कापण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला सांगून पंचनामा होऊ द्या. उभं झाड तोडायचं असेल तर आंबा, चिंच, जांभूळ, मोह, सागवान ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या बांधावरची असली तरी लेखी परवानगी लागते. आंब्याची फळं उतरून झाल्यावर फांद्या छाटाल तेव्हा जाड कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. आणि हंगाम संपला की पेट्रोलची टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालू ठेवा, चेन काढून तेलात बुडवा, मगच पोत्यात गुंडाळा.