लव्हग्रास कुंडीत कसं लावायचं? घोटीच्या बांधावरून नाशिकच्या गच्चीवर

आधी नावाचा घोळ मिटवते, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच की हे म्हणजे लव्हाळं का. नाही हो. लव्हाळं मोथ्याच्या कुळातलं, त्याचा दांडा बोटांत फिरवला तर तिकोनी लागतो, आणि हे खरंखुरं गवत, दांडा गोल आणि मध्ये मध्ये पेरं. वनस्पतीशास्त्रात याच्या प्रजातीला एराग्रॉस्टिस म्हणतात, ग्रीकमधे इरॉस म्हणजे प्रेम आणि अग्रोस्टिस म्हणजे गवत, त्यावरून इंग्रजीत लव्हग्रास. जगभरात साडेतीनशेच्या वर जाती आहेत. इथिओपियाचं टेफ नावाचं धान्य, ज्याची इंजेरा भाकरी करतात, तेही यातलंच. श्राद्धाला लागतो तो कुशसुद्धा एकेकाळी याच प्रजातीत धरायचे, आता वेगळा काढलाय.

मी सांगतेय ती जात एराग्रॉस्टिस युनिओलॉइडिस. ऑगस्ट-सप्टेंबरमधे घोटी-इगतपुरीला किंवा त्र्यंबककडे गेलात तर भातखाचराच्या बांधावर नीट बघा, गुडघ्याच्या खालीच राहणारं नाजूक गवत आणि त्याला चपट्या, गुलाबी-जांभळट कणश्या, वेणी घातल्यासारख्या दोन्ही बाजूंनी रांगेत. एकदा ओळखलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. ओल आवडते त्याला, त्यामुळे सिन्नरच्या माळावर शोधत बसू नका.

बी गोळा करायचं दिवाळीच्या आसपास, भातकापणीच्या सुमारास. इथे एक गंमत आहे, कणशी खालून झडत वर जाते, म्हणजे खालचे दाणे पडून गेलेले आणि वरचे अजून हिरवे असं असतं, सगळं एकदम पिकायची वाट बघितली तर हाताला काहीच लागत नाही. म्हणून अर्धवट झडलेली कणसं कागदी पिशवीत वाकवायची आणि हलकेच झटकायची. प्लास्टिकची पिशवी नको, ओलीने बुरशी धरते. शेतवाल्या दादांना विचारून घ्या, ते हसतील, कारण त्यांच्यासाठी हे तण आहे, पण विचारायचं. आणि एका जागेवरून मूठभरच, बाकी मुनिया पक्ष्यांना ठेवा. घरी दोन दिवस सावलीत सुकवून कागदाच्या पुडीत, वर तारीख लिहून.

पेरणी जूनमधे, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. थंडीत प्रयत्न करू नका, हे उष्णतेचं गवत आहे आणि आपल्याकडची थंडी म्हणजे निफाडचा पारा पेपरात येतो तसली.

कुंडी 8-10 इंची पुरे. लाल माती दोन भाग, वाळू एक भाग, शेणखत अगदी मूठभर. नुसती काळी माती घेतली तर वर पापडी धरते आणि इतकं बारीक बी त्यातून वर येऊ शकत नाही. किती बारीक म्हणाल तर टेफचे एका ग्रॅममधे अडीच-तीन हजार दाणे बसतात, हेही त्याच घराण्यातलं. म्हणून चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत कालवायचं, मातीवर भुरभुरायचं, तळहाताने दाबायचं आणि बस्स. वर माती टाकायची नाही! पहिल्या वर्षी मी मेथी पेरल्यासारखं इंचभर खाली गाडलं होतं, एक काडी उगवली नाही. पाणी झारीने नको, स्प्रेने, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं.

दुसऱ्या वर्षी छान उगवलं तर सासूबाईंनी "कुंडीत काय हे गवत माजलंय" म्हणून उपटून टाकलं, त्यांची तरी काय चूक. तेव्हा कुंडीला चिठ्ठी लावा आणि घरात सांगून ठेवा.

रोपं बोटभर झाली की विरळ करायची, कुंडीत सहा-सात खूप झाली. भरपूर ऊन, माती ओलसर, आणि खत परत घालायचं नाही, खत जास्त झालं की फोफावतं आणि आडवं पडतं.

फुलदाणीसाठी हवं असेल तर रंग ताजा असतानाच, बी पिकायच्या आधी कापून जुडी उलटी टांगा, सावलीत. शेत असेल तर बांधावर तसंच राहू द्या, माती धरतं आणि कोवळं असताना गुरंही खातात.

एक मात्र सांगते, ऑनलाइन वीपिंग लव्हग्रास म्हणून बी मिळतं ते घेऊ नका. ते दक्षिण आफ्रिकेकडचं एराग्रॉस्टिस कर्व्हुला, ऑस्ट्रेलियात नेलं आणि तिथल्या कुरणांत पसरून डोकेदुखी झालंय. आपल्या बांधावरचं फुकट मिळतंय की.

हे वर्षायू आहे, त्यामुळे हिवाळ्यात वाळलं की मेलं म्हणून कुंडी रिकामी करू नका. दाणे त्याच मातीत पडलेले असतात, उन्हाळाभर कोरडी ठेवा आणि जूनमधे स्प्रे घेऊन बसा.